ङो होउ कुई

मराठी वर्णमालेत काही अक्षरं नुसती पटावर आहेत, कामावर नाहीत. त्यांत ङ चा नंबर पहिला. क, ख, ग, घ हे चौघे दिवसभर राबतात आणि पाचवा ओळीच्या टोकाला कडेवर टिंब घेऊन उभा. 'वाङ्मय' नावाचं एक काम अधूनमधून निघायचं, पण तेही लोकांनी हल्ली 'साहित्य' या कंत्राटदाराकडे सोपवलं. पहिलीतलं पोर विचारतं, "बाई, ङ कशाचा?" कमळ, खटारा, गणपती, घर असं करत सुखानं इथवर आलेल्या बाई एकदम चमच्यावर उडी मारतात.

या ङ ला खरी नोकरी हवी असेल तर त्यानं हाँगकाँगचं विमान पकडावं. कँटोनीज भाषेत 'मी' म्हणजे 'ङो'. डोळा म्हणजे 'ङान'. हाल सोसत रेटत राहणं म्हणजे 'ङाय'. स्वतः, स्वतःचे तारवटलेले डोळे आणि स्वतःचे हाल, एवढा कारभार एकट्या ङ वर. आणि संध्याकाळी उशिरा, हाँगकाँगच्या कुठल्याही ऑफिसात कान दिलात तर जे वाक्य हमखास ऐकू येईल, त्याची सुरुवातही त्याच्यापासूनच: 'ङो होउ कुई.' होउ म्हणजे फार आणि कुई म्हणजे दमलेला. मी फार दमलोय.

'कुई' हा शब्द बीजिंगकडच्या मँडरिनचा नव्हे. तिकडे दमलेला माणूस 'लेइ' होतो. कुई खास दक्षिणेचा. हाँगकाँग, मकाव, ग्वांगजौ आणि आसपासच्या कँटोनीज मुलखाचा. ही भाषा बोलणारे आठ कोटींच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या मराठीएवढेच. कँटोनीजमध्ये सहा सूर असतात आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. कुईच्या वाट्याला आलाय सहावा, खालच्या पट्टीतला सपाट सूर. तो उंच पट्टीत म्हणायला जी ताकद लागते ती असती, तर माणूस हा शब्द म्हणाला असता कशाला? लिहिताना या शब्दाच्या उजव्या अंगाला 'बळ' या अर्थाचं चिन्ह असतं आणि डाव्या अंगाला जे चिन्ह असतं त्याचा एक अर्थ 'रक्कम देऊन टाकणं' असा होतो. बळ खर्ची पडलं. व्युत्पत्तीवाले काहीही म्हणोत, हिशेब जुळतो.

इंग्रजी पुस्तकांत हाच शब्द 'गुई' असा छापलेला दिसतो. त्यांचा नाइलाज आहे. क आणि ख हे दोन वेगळे वर्ण आहेत हे त्यांना कुणी लहानपणी छडी मारून शिकवलेलं नाही. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळानं कँटोनीज रोमन लिपीत लिहायची एक पद्धत घालून दिली. तिच्यात क साठी जी, त साठी डी आणि प साठी बी लिहितात. मराठी माणसाला हा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही. त आणि थ, प आणि फ आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात, आणि चमच्यातला जो च साहेबाला जन्मात जमत नाही, तो कँटोनीजमध्ये पावलोपावली लागतो.

मात्र ङ नं नोकरीवर रुजू होण्याआधी एक गोष्ट कानावर घालायला हवी. तिकडच्या तरुण पिढीनं त्याला सक्तीच्या रजेवर पाठवायला सुरुवात केली आहे. 'ङो' म्हणायला जीभ मागे न्यायचा कंटाळा येतो म्हणून पोरं नुसतं 'ओ' म्हणतात. 'नेइ' म्हणजे तू, त्याचं 'लेइ' करतात. शहराचं मूळ नाव 'ह्योंग कोंग'. त्याचंही 'होन कोन' करून टाकतात, म्हणजे आपल्याच गावाचं नाव शेवटपर्यंत म्हणण्याइतकी उमेद उरलेली नाही. या प्रकाराला तिकडचे जाणकार 'लान याम' म्हणतात. लान म्हणजे आळशी आणि याम म्हणजे ध्वनी. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक रिचर्ड हो मान-वुई यांनी शुद्ध उच्चारांसाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. आपल्याकडे 'पाणी' आणि 'पानी' यांवरून ज्यांचं रक्त उसळतं, त्यांनी या गृहस्थांना आपलं मानायला हरकत नाही.

आता मराठी कानांसाठी थोडी सावधगिरीची सूचना. कँटोनीजमध्ये आजारी म्हणजे 'पेंग' आणि मांजर म्हणजे 'माउ'. अशक्त, फिकुटलेल्या, कोपऱ्यात बसून राहणाऱ्या माणसाला 'पेंग माउ' म्हणतात. हा शब्द कुठल्याही मराठी आजीला भाषांतराशिवाय कळेल. अर्थ किंचित चुकेल, पण चित्र बरोबर येईल. खरा घोटाळा 'छान' चा आहे. झिजलेला, ओढलेला, रया गेलेला म्हणजे 'छान'. रात्रभर जागून सकाळी कामावर आलेल्या बाईला मैत्रीण म्हणते की तुझा चेहरा आज 'होउ छान' दिसतोय, आणि ती बाई आभार न मानता आरशाकडे धावते. त्यातही गंमत अशी की उंच सुरातलं 'छान' म्हणजे जेवण आणि उतरत्या सुरातलं 'छान' म्हणजे खंगलेला. या दोन सुरांमध्ये काय घडतं, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणाऱ्यांना विचारावं.

दमण्याच्या बाबतीत मराठीही काही गरीब नाही. आपण थकतो, भागतो, शिणतो, गळतो. आपलं अंग आंबतं, मोडून येतं, पेकाट मोडतं, पिट्ट्या पडतो, जीव मेटाकुटीला येतो. पण आपल्या थकव्यात एक सरसकटपणा आहे. कँटोनीज माणूस मोजून दमतो. पाय मऊ पडले तर 'क्योक युन'. अंगात जोर नाही तर 'मोउ लिक'. मोबाइलच्या भाषेत, बॅटरी उतरली तर 'मोउ तिन'. तिन म्हणजे वीज. उत्साहाचा एक 'लेइ'सुद्धा शिल्लक नसेल तर 'मोउ लेइ सन हेइ', आणि हा लेइ म्हणजे जुन्या मापातला अगदी बारीक अंश, आपल्या गुंजेच्या घरातला. घरी पोचता पोचता 'पुन थिउ यन मेंग' उरतं, म्हणजे अर्धा जीव. पार सुट्टे भाग झाले तर 'सान साय', सगळं विखुरलं. फूल कोमेजावं तसा माणूस गळाठला तर 'चे'. या यादीत एकच थकवा सगळ्यांना हवाहवासा आहे: 'सौ छिन सौ तोउ सौ युन', म्हणजे पैसे घेता घेता हात गळून गेले. अशक्तपणाच्या या प्रकारावर आजवर कुणी औषध मागितल्याचं ऐकिवात नाही.

बसल्याबसल्या डुलकी लागणाऱ्यालाही वेगळं नाव आहे. तो 'तिउ यु' करतो, म्हणजे मासे धरतो. मान हळूहळू खाली जाते, झटका बसतो, वर येते, पुन्हा खाली. हाँगकाँगच्या मेट्रोत सकाळच्या वेळी एकेका बाकावर सहा सहा कोळी ओळीनं गळ टाकून बसलेले असतात. आपल्या कर्जत लोकललाही हा शब्द फुकट देऊन टाकावा असं मला वाटतं.

एवढे शब्द लागतात याचं कारण उघड आहे. नोकरदाराला तिकडे 'ता कुंग चै' म्हणतात. पोट भरण्यासाठी खस्ता खाणं म्हणजे 'ङाय सै काय', जग सोसणं. मराठी माणसाला यात शेवटी 'काय?' ऐकू येतं, आणि प्रश्न रास्तच आहे. १९७६ साली मायकल हुई यांनी अशाच पिळून निघणाऱ्या नोकरांवर 'पुन कन पात ल्योंग' नावाचा विनोदी चित्रपट काढला. त्यांचे धाकटे भाऊ सॅम हुई यांनी म्हटलेलं त्याचं शीर्षकगीत हाँगकाँगच्या कष्टकऱ्यांचं लाडकं गाणं होऊन बसलं. नावाचा अर्थ 'अर्धा कन, आठ ल्योंग'. जुन्या मापात सोळा ल्योंगांचा एक कन, तेव्हा दोन्ही सारखेच. सोळा छटाकांचा शेर मोजलेल्या आपल्या आजोबांना हा विनोद गणितासकट कळला असता.

हाँगकाँगात आठवड्याला जास्तीत जास्त किती तास काम करायचं याचा सर्वांसाठी असा कायदाच नाही. यूबीएस ही स्विस बँक जगभरच्या शहरांतले कामाचे तास ताडून बघत असे. २०१५ च्या यादीत हाँगकाँग पहिलं होतं, आठवड्याला पन्नास तासांच्या किंचित वर. २०१८ च्या यादीत तो मान मुंबईनं हिसकावून घेतला, वर्षाला ३,३०० तासांहून अधिक काम करून. सत्कार वगैरे झाला नाही. सत्काराला येण्याइतका वेळ कुणाकडे होता?

हाँगकाँगच्या सरकारला मात्र नागरिकांच्या पायांची दया आली. सेंट्रल या भागातून वर टेकडीवरच्या वस्तीकडे जायला १९९३ साली सरकते जिने आणि सरकत्या वाटा बांधल्या. साखळीची लांबी सुमारे ८०० मीटर आणि चढ १३५ मीटर. सकाळी सहा ते दहा हे जिने खाली उतरतात, कारण लोक कामावर जात असतात, आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर चढतात. म्हणजे सकाळी नऊ वाजता खाली पोचल्यावर ज्याला चष्मा घरी राहिल्याचं आठवतं, त्याच्यासाठी शेजारी साध्या पायऱ्या आहेत. क्योक युन या शब्दाचा सप्रयोग अर्थ तिथे कळतो.

पण कँटोनीजचा खरा खजिना म्हणजे दमलेल्या, दुबळ्या आणि दमल्याचं सोंग करणाऱ्या माणसांचं प्राणिसंग्रहालय. फार थकलेला माणूस कुत्रा होतो: 'कुई तोउ चेक कौ कम', कुत्र्यागत दमलो. खंगलेला माणूस पेंग माउ होतो, ते आलंच. अंगात ताकद नसलेला तो 'योक कै', म्हणजे दुबळी कोंबडी. ज्याच्या पायांत बळ नाही आणि वेळेला छातीतही नाही, तो 'युन क्योक हाय', मऊ पायांचा खेकडा. खेकड्याला कँटोनीजमध्ये 'हाय'च म्हणतात. त्याचा पाय जाऊन तो फक्त हायच उरतो.

सापाचा मान मोठा. ज्याला कितीही बोला, ढिम्म हलत नाही, तो 'युन फेइ से', मऊ कातडीचा साप. आणि ऑफिसच्या वेळेत काम चुकवून आराम करणारा तो 'से वोंग', सापांचा राजा. आपल्याकडे जेवून आडवा झालेल्याला अजगर म्हणतात, पण राजेपद दिल्याचं ऐकलं नाही. हा राजा ज्या ठिकाणी दडी मारून बसतो त्या ऑफिसजवळच्या हॉटेलाला 'से तौ' म्हणतात, सापाचं बीळ. बहुधा ते एखादं 'छा छान थेंग' असतं, म्हणजे चहा-नाश्त्याचं ठिकाण. तिथे चहा आणि कॉफी एकाच पेल्यात ओतलेलं 'युनयोंग' नावाचं पेय मिळतं. एका पेयानं जाग न येण्याइतपत दमलेल्यांसाठी ही सोय. मराठीनं जगभरातून हजार शब्द घेतले, त्यात 'से तौ' राहून गेला, ही आपली ढिलाई. मंत्रालयाच्या आसपास त्याचा प्रसार हां हां म्हणता होईल.

आता या प्राण्यांची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. हाँगकाँगात १९५० पासून कुत्रा आणि मांजर खायला कायद्यानं बंदी आहे. ते दोघे सुटले. बाकीचे सगळे पातेल्यात. अशक्त माणसाला ज्या प्राण्याचं नाव ठेवायचं, त्याच प्राण्याचं सूप करून त्याला पाजायचं, असा हा रोकडा व्यवहार आहे. थंडी पडली की अंगात ऊब यावी म्हणून 'से कंग', सापाचं दाट सूप. सापाच्या आणि कोंबडीच्या मांसाचे बारीक धागे, कानासारखी दिसणारी काळी अळिंबी, वरून लिंबाच्या पानांची बारीक चिरी आणि शेवंतीच्या पाकळ्या. हे सूप विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवरही झोकात 'से वोंग' लिहिलेलं असतं. तिथे त्याचा अर्थ साप हाताळण्यात वाकबगार. ऑफिसात ज्या पदवीवरून मेमो मिळतो, तीच दोन गल्ल्या पलीकडे पाटीवर सोनेरी अक्षरांत झळकते.

दुबळ्या कोंबडीसाठी कोंबडीच्या पायांचं सूप, शेंगदाणे घालून. पायांत बळ यायचं तर पाय खा. यामागे एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे, 'यि यिंग पोउ यिंग': आकारानं आकाराची भरपाई. मेंदूसाठी अक्रोड, कारण तो तसा दिसतो. या 'पोउ' शब्दाकडे जरा आदरानं बघा. पोउ म्हणजे शरीराला पोषण देणं आणि फाटक्या कपड्याला ठिगळ लावणंही पोउच. टॉनिक या प्रकाराबद्दल यापेक्षा प्रामाणिक शब्द कुठल्याही भाषेत नसेल.

खेकड्याचं मात्र तिकडे जमत नाही. कँटोनीज घरात खेकडा थंड मानतात. अशक्तानं तो जपून खावा, आणि खाल्लाच तर बरोबर आलं हवं. आपल्या कोकणात तोच खेकडा कडक उष्ण. सर्दीनं बेजार झालेल्याला त्याचा झणझणीत रस्सा पाजतात आणि घाम फुटला की उतार पडला म्हणतात. खेकड्याला याबद्दल कुणी विचारलेलं नाही. पण उष्ण आणि थंड या भाषेत बोलल्याबरोबर मराठी माणूस आणि कँटोनीज माणूस यांच्यातला दुभाषा घरी जाऊ शकतो. तळलेलं खाल्लं, जागरण झालं, तोंड आलं, घसा धरला, की ते म्हणतात 'यित हेइ' झाली. आपण म्हणतो उष्णता झाली. युरोपातल्या पाहुण्याला हे समजावताना यजमान घामाघूम होतो. घाटकोपरच्या काकू पहिल्या वाक्यालाच मान डोलावून धने-जिऱ्याच्या पाण्यापर्यंत जाऊन पोचतील. एक लिची खाल्ली की अंगात तीन आगी पेटतात अशी तिकडे म्हण आहे. आंब्याच्या दिवसांत गळू झालेल्यांना पुरावा लागणार नाही.

उष्णतेवर उतारा 'ल्योंग छा', म्हणजे थंड चहा. त्यात चहा नसतो आणि पुष्कळदा तो गरमच पितात. असतो तो कडू झाडपाला. 'या सेइ मेइ' म्हणजे चोवीस चवी नावाचा जो काढा मिळतो, त्यातल्या तेवीस चवी कडू असाव्यात आणि चोविसावी अधिक कडू. ग्वांगजौमध्ये १८२८ साली सुरू झालेलं वोंग लोउ कात हे या धंद्यातलं जुनं नाव, आणि २००६ पासून चीन सरकारच्या अमूर्त वारशाच्या यादीत या काढ्याची नोंद आहे.

थकवा उतरला नाही आणि मुक्कामालाच आला, की तो 'कुई' राहत नाही. मग माणूस 'होइ' होतो. होइ म्हणजे पोकळ, रिता. रक्त रितं असू शकतं, प्राण रिता असू शकतो, आणि पुरुषाचं मूत्रपिंड तोट्यात गेलं तर 'सन ख्वै'. हा ख्वै दुकानाच्या तोट्यालाही लावतात. आता मूत्रपिंडाचा तोटा असं चारचौघांत म्हटलं की मंडळी गालातल्या गालात का हसतात, हे दिवाळी अंकांतल्या शक्तिवर्धक जाहिराती बघत मोठ्या झालेल्या वाचकाला फोड करून सांगायला नको.

रित्या माणसासाठी 'लोउ फो थोंग', म्हाताऱ्या आचेवरचं सूप. हाडं, मुळं, खजूर, कंद असं सगळं घालून तीन तीन तास मंद उकळायचं. हे उकळायला कुणीतरी घरी लागतं, आणि तीन तास उभं राहून तीही 'कुई' होते, हे सूप पिणाऱ्याच्या लक्षात यायला आणखी तीन तास लागतात. हाँगकाँगच्या आया मुलांना 'आठवण येते' असं सहसा म्हणत नाहीत; फोन करून 'सूप प्यायला ये' म्हणतात. आलेल्या मुलाकडे बघून पहिलं वाक्य 'छान' दिसतोस, हे असतं, आणि अर्थ तुम्हाला आता माहीत आहे.

एवढं पाजूनही काहींना गुण येत नाही. उलट जास्त पौष्टिक पोटात गेलं की ते आणखी आजारी पडतात. त्यासाठी वैद्यांचं वाक्य आहे, 'होइ पत सौ पोउ': इतका रिता की ठिगळसुद्धा टिकेना. हे वाक्य आता दवाखान्याबाहेरही फिरतं. बुडीत कंपनीत पैसे ओतले आणि ती आणखी बुडाली, की हेच म्हणतात. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत हे फलकावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

आणि अगदीच तोळामासा प्रकृती असेल तर तो माणूस 'ची चात', कागदाचा. साधा कागद नव्हे. पितरांसाठी कागदाची घरं, कपडे, नोकरचाकर, हल्ली मोबाइलसुद्धा बनवतात आणि जाळून त्यांच्याकडे पोचवतात. त्या कागदी सामानाला ची चात म्हणतात. फुंकर मारली की उडणाऱ्या माणसाला ते पितरांच्या सामानात टाकतात आणि आपण त्याला 'पाप्याचं पितर' म्हणतो. समुद्र ओलांडून दोन भाषांनी काडीपैलवानाची रवानगी एकाच खात्यात करावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

दमलेल्याशी बोलायचे त्यांचे शब्द मात्र मऊ आहेत. काम करून दिलेल्या माणसाला 'सन फू साय' म्हणतात: सगळा त्रास तुम्हालाच पडला. काम सांगणाऱ्यानं हे म्हणायचं असतं, आणि ते म्हटल्यानं ओव्हरटाइमचे पैसे वाचतात असा साहेबलोकांचा अनुभव आहे. 'थौ हा' म्हणजे जरा टेका. रात्री निरोप घेताना 'चोउ थौ', लवकर विसावा घ्या. हेच चोउ थौ भर दुपारी, जरा तिरकस सुरात, फार वेळ बोलत सुटलेल्या माणसाला म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, आता तोंड बंद करा. तेव्हा वाचकहो, इथवर आलात, सन फू साय. तुम्ही मनातल्या मनात जे चोउ थौ म्हणालात, ते मी रात्रीचं समजून घेतो.